बरस की जुजाम? एका डागाचा इतिहास

मराठीत 'कोड' म्हणजे अंगावर उठणारे पांढरे डाग. उर्दूत आणि हिंदीत 'कोढ' म्हणजे कुष्ठरोग. दोन्ही शब्द एकाच संस्कृत 'कुष्ठ'पासून आले, पण वाटेत त्यांचे अर्थ फाटले. महाराष्ट्रातल्या ज्या मुस्लिम घरांत आत उर्दू किंवा दखनी आणि दाराबाहेर मराठी बोलली जाते, तिथे हे दोन शब्द रोज एकमेकांना धडकतात. शेजारची बाई सहज म्हणते, ''तुमच्या पोरीला कोड आलंय वाटतं.'' घरातली नानी ऐकते 'कोढ'. मग मुलीचं ताट वेगळं होतं, तिच्या लग्नाचा विषय निघायचा बंद होतो. खरं तर पांढरे कोड एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत, त्याने माणूस मरत नाही, बोटं झडत नाहीत. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्या जागी उरत नाहीत, एवढंच घडलेलं असतं.

हा घोळ फक्त आपल्या मोहल्ल्यातला नाही. तो हजारो वर्षांचा आहे आणि त्याने अर्ध्या जगाला फसवलं आहे. गंमत अशी की ज्या अरबी भाषेतून आपल्याकडे या आजारांची नावं आली, त्या भाषेत हा घोळ नव्हता. तिथे पांढऱ्या डागांना 'बरस' म्हणत आणि कुष्ठरोगाला 'जुजाम'. दोन आजार, दोन शब्द.

कुरआनात हजरत ईसा यांच्या चमत्कारांचा उल्लेख दोन ठिकाणी येतो, सूरह आल-इमरानमध्ये आणि सूरह माइदामध्ये. जन्मांध आणि 'अबरस' यांना ते बरं करीत, असं तिथे आहे. अबरस म्हणजे बरस झालेला. पण बऱ्याच उर्दू तर्जुम्यांत इथे 'कोढी' हा शब्द येतो आणि इंग्रजी तर्जुम्यांत 'लेपर'. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे झडलेल्या बोटांचा माणूस उभा राहतो. मूळ शब्द तसं सांगत नाही. हजरत मूसा यांचा हात बगलेतून शुभ्र होऊन बाहेर आला, 'कोणत्याही दोषाविना', असं जे वर्णन आहे, त्याचा खुलासा करताना जुन्या मुफस्सिरांनी लिहिलं की तो शुभ्रपणा बरस नव्हता. आणि हदीसमधली एक दुआ अशी आहे की तिच्यात बरस, वेड आणि जुजाम या तिघांपासून अल्लाहची पनाह मागितली आहे. एकाच दुआत दोन्ही नावं वेगवेगळी घेतली जातात, यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

नाव वेगळं होतं म्हणून कलंक नव्हता, असं मात्र समजू नये. इस्लामपूर्व अरबांत हीरा भागात जजीमा नावाचा एक राजा होऊन गेला. त्याला बरस होता. राजाला 'अबरस' म्हणायची कोणाची हिंमत नव्हती, म्हणून लोक त्याला 'अबरश' म्हणजे ठिपकेदार आणि 'वज्जाह' म्हणजे तेजस्वी म्हणू लागले. एका अक्षराची तडजोड करून लोकांनी स्वतःची मान वाचवली. बुखारीत बनी इस्राईलच्या तिघांची हदीस आहे, एक अबरस, एक टकला, एक आंधळा. त्यातला अबरस फरिश्त्याला सांगतो की लोक माझी किळस करतात, मला चांगला रंग हवा. चौदाशे वर्षांपूर्वीचं हे दुःख आजच्या कुठल्याही पेशंटला समजावून सांगावं लागणार नाही.

पण त्याच परंपरेत उवैस करनी आहेत. सहीह मुस्लिममधली हकीकत अनेकांना माहीत असेल. यमनहून येणाऱ्या काफिल्यांमध्ये हजरत उमर एका माणसाचा शोध घेत असत. खूण अशी की त्याला बरस होता, त्याने दुआ केली, डाग गेले, फक्त एका दिरहमएवढी जागा पांढरी राहिली. आणि तो आपल्या आईची फार सेवा करतो. उवैस सापडले तेव्हा खलिफाने त्यांच्याकडून स्वतःसाठी मगफिरतची दुआ करवून घेतली. आपल्या मिलादच्या जलशांमध्ये उवैस करनींची आईची खिदमत सांगितली जाते, त्या दिरहमएवढ्या डागाकडे मात्र कोणी थांबत नाही. थांबायला हवं. ज्या खुणेवरून आज मुलीला नकार मिळतो, त्याच खुणेवरून तिथे एक वली ओळखला गेला.

नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिजने तर या विषयावर आख्खा ग्रंथ लिहिला. नाव साधारण असं: बरस असलेले, लंगडे, आंधळे आणि तिरळे यांची किताब. जाहिज स्वतः बटबटीत डोळ्यांचा, त्याचं टोपणनावच त्यावरून पडलेलं. त्याने शोधून शोधून सरदार, कवी आणि प्रतिष्ठित माणसं जमवली, ज्यांच्या अंगावर अशी खूण होती आणि तरीही ज्यांच्या मोठेपणात काही उणं नव्हतं. त्यात दयेचा सूर नाही. हा माणूस वाद घालतोय.

आता हकिमांकडे येऊ. अरबी-फारसी वैद्यकात रोगाचं कारण चार खिल्तांमध्ये शोधत: रक्त, बलगम, पिवळं पित्त आणि सौदा म्हणजे काळं पित्त. बरस बलगममुळे, जुजाम सौदामुळे. ही कारणमीमांसा आज टिकत नाही आणि ती ओढूनताणून विज्ञानात बसवायची हौस मला नाही. पण त्यांची नजर बघा. पांढऱ्या डागाचे त्यांनी दोन प्रकार पाडले: बहक आणि बरस. बहक वरवरचा, बरस खोल मुरलेला. ओळखायचं कसं? इब्न सिना (980–1037) आणि इतरांच्या ग्रंथांत ज्या खुणा येतात त्या अशा. डागावरचे केस पाहा; काळे असतील तर बहक, पांढरे झाले असतील तर बरस. डाग चोळा, लाल झाला तर आशा आहे. कातडी मांसापासून अलग चिमटीत धरून वर उचला आणि सुई टोचा. रक्त आलं तर इलाज होईल, पांढरट पाणी आलं तर अवघड.

सुईची कसोटी आज कोणी करत नाही, करूही नये. पण केसांची खूण? कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारा. डागावरचे केस काळे असतील तर रंग परत येण्याची शक्यता जास्त असते, कारण रंगपेशींचा राखीव साठा केसांच्या मुळाशी असतो आणि इलाज लागू पडला की तिथूनच बारीक ठिपक्यांच्या रूपात रंग पसरत येतो. केसच पांढरे झाले असतील तर साठा संपला. हजार वर्षांपूर्वीच्या हकिमाला पेशी माहीत नव्हती, सूक्ष्मदर्शक नव्हता. त्याच्याकडे दिवसाचा उजेड होता आणि घाई नव्हती.

बहकच्या वर्णनात बसणारा आजार आपल्याकडे घरोघरी आहे. मराठीत त्याला शिबं म्हणतात. छातीवर, पाठीवर, मानेवर फिकट किंवा तपकिरी ठिपके, नखाने खरवडलं तर कोंड्यासारखी बारीक पापडी निघते. त्वचेवर एरवीही राहणारी एक बुरशी घामट हवेत माजते, एवढंच त्याचं कारण. साध्या मलमाने किंवा औषधी शांपूने बुरशी जाते, पण रंग भरून यायला काही महिने लागतात आणि लोकांना वाटतं औषध लागू पडलं नाही. लहान मुलांच्या गालावरचे फिकट चट्टे तर आणखी साधे. कोरड्या त्वचेवर येतात, वयाबरोबर जातात. आपण त्यांच्यासाठी जंताच्या गोळ्या आणि कॅल्शियम देत राहतो.

मग जगाचा घोळ झाला कुठे? तर्जुम्यात. हिब्रू बायबलमध्ये 'त्सराअत' नावाचा एक दोष आहे. तो माणसाच्या त्वचेवर येतो, कपड्यावर येतो आणि घराच्या भिंतीवरही येतो, म्हणजे तो आजच्या अर्थाने एक आजार असूच शकत नाही. ख्रिस्तपूर्व काळात त्याचा ग्रीक तर्जुमा करताना 'लेप्रा' हा शब्द घेतला गेला. ग्रीक वैद्यकात लेप्रा म्हणजे खवले पडणारी त्वचा. कुष्ठरोगाला ग्रीक वैद्य 'एलेफंटियासिस' म्हणत. अरबांनी ग्रीक वैद्यक आत्मसात केलं तेव्हा त्या रोगासाठी 'जुजाम' हा आपला शब्द वापरला. 'दाउल-फील', म्हणजे हत्तीचा आजार, हे नाव त्यांनी सुजून खांबासारख्या होणाऱ्या पायाला दिलं, ज्याला आपण हत्तीपाय म्हणतो. इथपर्यंत सगळं नीट होतं. अकराव्या-बाराव्या शतकात हे अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले. अनुवादकांनी दाउल-फीलचं शब्दशः 'एलेफंटियासिस' केलं आणि जुजामसाठी 'लेप्रा' घेतला. झालं! बायबलमधल्या लेप्रावर असलेला सगळा अपवित्रतेचा आणि पापाचा शिक्का एका जंतुजन्य आजारावर बसला. उलट दिशेने, त्वचेवर काहीही पांढरं, खवल्याचं, चमत्कारिक दिसलं की त्या माणसावर कुष्ठाची शंका घेतली जाऊ लागली. वसाहतकाळात हाच 'लेपर' इंग्रजीतून आपल्याकडे आला आणि आपल्या 'कोढ'ला येऊन मिळाला. त्याला इथेही तयार जमीन होती. पूर्वजन्मीचं पाप, शाप, अल्लाहचा अजाब, ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे.

खरजेची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि थोडी चीड आणणारी. खरूज, अरबीत 'जरब', खिल्तांच्या बिघाडाने होते असंच सगळे मानत. पण दहाव्या शतकात तबरिस्तानच्या अहमद अत्-तबरीने आणि बाराव्या शतकात सेविलच्या इब्न जुहरने लिहून ठेवलं की त्वचेत एक अगदी बारीक, जेमतेम दिसेल न दिसेल असा जीव असतो आणि तो बाहेर काढता येतो. पुढे 1687 मध्ये इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो किडा पाहून त्याचं चित्र काढलं आणि खरूज त्याच्यामुळेच होते असं मांडलं. तरी मोठे डॉक्टर मानेनात. 1812 मध्ये पॅरिसमध्ये एकाने किडा दाखवला, तोही पुढे चीजमधला निघाला! अखेर 1834 मध्ये रेनुची नावाच्या कॉर्सिकातल्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या डॉक्टरांसमोर सुईच्या टोकाने खरजेचा किडा काढून दाखवला. ही युक्ती तो कोणत्या विद्यापीठात शिकला नव्हता; त्याच्या बेटावरच्या गरीब बायका पोरांच्या हातांतून असेच किडे काढत. ज्यांनी रोज अंगाला हात लावून पाहिलं त्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांनी फक्त ग्रंथ वाचले त्यांना पटवायला शतकं गेली.

खरजेवर हकीम गंधक लावत, आणि गंधकाचं मलम आजही तान्ह्या मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी वापरात आहे. इतरांसाठी पर्मेथ्रिन असतं. ते मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावायचं आणि आठवड्याने पुन्हा. मात्र खाज येवो न येवो, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. वसतिगृहात आणि मदरशात खरूज हटत नाही ती औषध कमी पडतं म्हणून नव्हे. दहा मुलं लावतात आणि चार लावत नाहीत, म्हणून ती फिरून येते. खाजेला लाजण्यासारखं काही नाही, हेही आपल्याच परंपरेत आहे. पुरुषांना रेशीम मना असताना जुबैर बिन अव्वाम आणि अब्दुर्रहमान बिन औफ या दोन मोठ्या सहाबांना अंगाच्या खाजेमुळे रेशमी कपडा घालायची परवानगी मिळाली होती.

बरसच्या इलाजाची हकीकत मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. तेराव्या शतकात अंदलूसचा वनस्पतिशास्त्रज्ञ इब्नुल-बैतार औषधी झाडांचा मोठा कोश लिहीत होता. त्यात त्याने 'अतरीलाल' नावाच्या बियांची नोंद केली. हा बर्बर भाषेतला शब्द, अर्थ 'पक्ष्याचा पाय'. उत्तर आफ्रिकेतल्या एका बर्बर टोळीला या बियांचा गुण माहीत होता आणि त्यांनी तो गुपित म्हणून जपला होता. बियांची पूड मधातून खायची आणि मग डाग उघडे टाकून कडक उन्हात बसायचं. ऊन हा त्या इलाजाचा निम्मा भाग होता. नुसती पूड खाऊन किंवा नुसतं उन्हात बसून ते होत नसे.

ही पूड इजिप्तच्या अत्तारांकडे शतकानुशतकं विकली जात राहिली. 1940 च्या दशकात कैरोच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातली रसायनं वेगळी केली आणि डॉ. अब्दुल मोनेम अल-मुफ्ती यांनी ती बरसच्या पेशंटांवर वापरून पाहिली. निघालेल्या द्रव्याचं आजचं नाव मेथॉक्सीसोरालेन. त्याचाच भाऊबंद, सोरालेन, भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी 1933 मध्ये आपल्या बावचीच्या बियांतून काढला होता. बावची आयुर्वेदात होती, युनानीत 'बाबची' नावाने होती, आणि तीही त्वचेच्या पांढऱ्या डागांवरच दिली जात होती. दोन खंड, दोन वेगळी झाडं आणि रसायन एकाच कुळातलं. 1974 मध्ये अमेरिकेत सोरालेन आणि अतिनील किरणांचे दिवे यांची सांगड घालून सोरायसिसवर इलाज सुरू झाला, ज्याला 'पुवा' म्हणतात. दवाखान्यातल्या त्या दिव्याच्या पेटीत उभ्या राहणाऱ्या माणसाला सांगायला हवं की बाबा, ही उत्तर आफ्रिकेतल्या टोळीची आणि आपल्या अत्ताराच्या दुकानाची कमाई आहे. आता अनेक ठिकाणी सोरालेनशिवाय, ठराविक लांबीच्या अतिनील किरणांचे दिवे वापरतात. ते जास्त सुरक्षित. आपल्याकडे हैदराबादची केंद्र सरकारची युनानी संशोधन संस्था बरसवरच्या इलाजासाठी प्रसिद्ध आहे आणि महाराष्ट्रातूनही लोक तिथे जातात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बावचीचं तेल बाजारात सहज मिळतं. ते लावून दुपारच्या उन्हात बसलेल्या माणसाला भाजल्यासारखे फोड येतात, आणि भाजलेल्या जागेभोवती नवे कोड उठू शकतात. 'देशी औषध, अपाय नाही' हे वाक्य बावचीच्या बाबतीत खोटं आहे. किती लावायचं, ऊन किती मिनिटं घ्यायचं हे जाणकाराने ठरवायचं असतं. त्या बर्बर टोळीने ते गुपित ठेवलं त्यामागे धंदा असेलही, पण हेही असेल.

आता जुजाम, म्हणजे खरा कुष्ठरोग. इथे भीती निराधार नव्हती. उपाय नव्हता आणि रोग चेहरा, बोटं, डोळे घेऊन जात असे. हदीसमध्ये दोन्ही सूर आहेत. सिंहापासून पळावं तसं मजजूमपासून पळा, असा एक; आणि मजजूमचा हात धरून एकाच थाळीत जेवल्याची रिवायत, हा दुसरा. उलमांनी यांचा मेळ घालण्यात पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला त्याहून बोलका वाटतो तो सहाबी मुऐकीब यांचा दाखला. त्यांना जुजाम होता. हजरत उमर त्यांच्यासोबत जेवत, आणि बैतुलमाल, म्हणजे राज्याचा खजिना, त्यांच्या ताब्यात होता. पुढे उमय्या खलिफा वलीद पहिला याने 88 हिजरीत, म्हणजे 706–707 च्या सुमारास, मजजूमांना सरकारी वेतन बांधून दिलं आणि त्यांना भीक मागायला लागू नये अशी व्यवस्था केली. दमास्कसचा हा बंदोबस्त म्हणजे पहिलं इस्पितळ होतं की नाही, यावर इतिहासकार भांडतात. भांडू देत. भीक बंद करायची तर आधी पोटाची सोय करावी लागते, हे त्या खलिफाला कळलं होतं.

ब्रिटिश राज्याने भीक बंद करायचा दुसरा रस्ता धरला. 1897 मध्ये बर्लिनला कुष्ठरोगावर जागतिक परिषद भरली, तिने रोग्यांना अलग ठेवण्याची शिफारस केली आणि 1898 मध्ये हिंदुस्थानात लेपर्स ॲक्ट आला. भीक मागताना दिसलेल्या कुष्ठरोग्याला पोलिसांनी वॉरंटशिवाय पकडायचं, आश्रमात ठेवायचं. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायला मनाई, खाण्याचे पदार्थ विकायला मनाई, भाड्याच्या गाडीत बसायलाही मनाई. श्रीमंत कुष्ठरोगी घरातच राहिला. कायदा रस्त्यावरच्यासाठी होता. मुंबईत त्याआधीच, 1890 मध्ये, म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांनी माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभारला होता. तेच पुढचं वडाळ्याचं ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय. हे तेच ॲक्वर्थ, ज्यांनी शाळिग्रामांसोबत मराठी पोवाडे गोळा करून छापले. एका हाताने शाहिरांचे पोवाडे जमवणारा माणूस दुसऱ्या हाताने शहरातले कुष्ठरोगी जमवत होता. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण कुंपण ते कुंपणच.

1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सनने कुष्ठाचा जंतू पाहिला होता. म्हणजे कारण हाती आलं होतं, औषध मात्र आणखी सत्तर वर्षं नव्हतं. 1940 च्या दशकात सल्फोन औषधं आली, त्यातलं डॅप्सोन गोळीच्या रूपात स्वस्तात मिळू लागलं. त्याच सुमारास विदर्भाने मोठं काम केलं. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन, ही नावं सर्वांना माहीत आहेत. त्यांच्यापेक्षा कमी बोललं जातं ते वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानबद्दल. 1951 मध्ये ते सुरू झालं आणि डॉ. वारदेकरांनी तिथे कामाची सगळी दिशाच उलटी केली. रोगी आश्रमात येण्याची वाट पाहायची नाही. कार्यकर्त्यांनी गावात जायचं, प्रत्येक घरातल्या प्रत्येक माणसाची त्वचा तपासायची, लोकांना समजावून सांगायचं आणि त्याच्या घरीच औषध द्यायचं. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. घर सोडायला लागत नाही म्हटल्यावर लोक डाग लपवेनासे झाले. देशाचा कुष्ठरोग कार्यक्रम पुढे याच पद्धतीवर उभा राहिला. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला, आणि आता 6 किंवा 12 महिन्यांत, सरकारी दवाखान्यात मोफत, रोग पूर्ण बरा होतो. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत माणसाकडून संसर्गही होत नाही.

कायदा मात्र मागेच राहिला. 1939 चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आपल्या बायकांसाठी मोठी गोष्ट होती. नवरा बेपत्ता झाला, खर्च देईना, जुलूम करू लागला तर कोर्टात जाऊन निकाह मोडता येऊ लागला. त्यातल्या कारणांमध्ये नवऱ्याचा कुष्ठरोग होता. फिकहच्या जुन्या चर्चेत अशा कारणांमध्ये जुजामसोबत बरसही येतो, आणि इमामांमध्ये त्यावर मतभेद आहेत. 1939 च्या कायद्याने बरस घेतला नाही, फक्त कुष्ठ घेतला. ज्या काळात कुष्ठ बरा होत नव्हता त्या काळात हे समजण्यासारखं होतं. पण औषध आल्यावरही ते कलम राहिलं, हिंदू विवाह कायद्यातही राहिलं, विशेष विवाह कायद्यातही राहिलं. 2016 मध्ये लेपर्स ॲक्ट रद्द झाला आणि 2019 मध्ये एका दुरुस्तीने या सर्व कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण काढलं गेलं. बहुविध औषधोपचार आल्यानंतर 38 वर्षांनी.

आणि बरस, जो कुठल्याच कलमात नव्हता, तो निकाहाच्या बोलणीत आजही पहिला अडथळा असतो. त्यामुळे डाग कोणता, हे ओळखणं हा नुसता वैद्यकाचा प्रश्न राहत नाही. कोड दुधासारखे पांढरे असतात, पापडी नसते, स्पर्श नीट कळतो. शिब्यावर पापडी असते. कुष्ठाचा चट्टा दुधासारखा पांढरा कधीच नसतो. तो फिकट किंवा लालसर असतो, त्यावर घाम येत नाही, केस विरळ होतात आणि मुख्य म्हणजे तो बधिर असतो. खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्षित राहतो. लोक खाजणाऱ्या नायट्यासाठी धावपळ करतात आणि न खाजणारा चट्टा वर्षानुवर्षं अंगावर वागवतात, तोवर नस सुजते आणि हाताची बोटं वाकतात.

नायट्यासाठीची धावपळही सरळ नसते. मेडिकलमध्ये बोट दाखवून मागितलेली ट्यूब बहुधा बुरशीचं औषध, जंतूचं औषध आणि स्टिरॉइड यांची खिचडी असते. स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते आणि बुरशी मोकाट पसरते. जांघेत कातडी पातळ होऊन कायमच्या रेषा पडतात, गजकर्णाची गोल कड पुसून जाते आणि मग डॉक्टरलाही तो ओळखू येत नाही. 2018 मध्ये सरकारने स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. दुकानात जाऊन बघा काय फरक पडला ते. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी नायट्याची एक नवी बुरशी 2020 मध्ये जपानी संशोधकांनी नोंदवली. तिच्या नावातच त्यांनी भारत घातला आहे: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी.

2016 पासून कुष्ठरोग शोध अभियानात आशाताई आणि एक पुरुष कार्यकर्ता अशी जोडी घरोघरी येते. बायकांना आशाताई आत तपासते, पुरुषांना तो. पाठ आणि नितंब पाहणं त्यात महत्त्वाचं, कारण तिथला चट्टा स्वतःला कधी दिसत नाही. पर्दानशीन घरांतून पुष्कळदा दारातूनच उत्तर मिळतं, 'हमारे यहाँ किसी को कोढ नहीं है', आणि जोडी पुढे जाते. वास्तविक इलाजासाठी जरूर तेवढं शरीर दाखवायला फिकहमध्ये पुरुष डॉक्टरपुढेही सूट आहे; इथे तर समोर बाई उभी असते. तपासणीला लागतात दोन-तीन मिनिटं, खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड आणि एक बॉलपेन. आधी चांगल्या त्वचेवर पेनाचं टोक हलकेच टेकवून दाखवतात, मग डोळे मिटायला सांगतात. टोक कधी चट्ट्यावर टेकतं, कधी बाजूला, आणि जिथे स्पर्श झाला तिथे माणसाने बोट ठेवायचं असतं.